कोंबडी खाणारा डबा

माझी बायको सुंदरा आणि मी मिळून शेवटचं काम केलं ते असं: सुकट निवडली आणि टीव्हीच्या आवाजावरून भांडलो. दुसऱ्या दिवशी ती गेली. सुकट अजून डब्यात आहे.

भांडण नेहमीचंच. "ओ, वाढवा ना जरा! ती बाय नुसती ओठ हलवते, बोलते काय त्या कलाला नको?" असं ती म्हणायची आणि मी रिमोट मांडीखाली घालून बसायचो. आवाज वाढवला की लाइट जास्त जळते, असा माझा पक्का संशय. (माझी शाळा चौथीपर्यंत. पण संशय घ्यायला शाळा लागत नाही!) ती गेल्यावर भांडायला कोणी उरलं नाही, तेव्हापासून मी टीव्ही मुकाच करून बघतो. बातम्या तशाच बऱ्या दिसतात.

एका रविवारी मुलगा आला. महेश. त्याचे उरणला कंटेनरचे ट्रेलर आहेत. आला आणि चहा प्यायच्या आधीच म्हणाला, "बाबा, आपले हॉलमध्ये थेटर बसवू. चारी बाजूंनी स्पीकर."

आता आमच्या शेताच्या कडेनं मोठा रस्ता जाणार, जमिनीला सोन्याचा भाव येणार, असं लोक बोलतात. तेव्हापासून मला कोणी नुसतं "जेवलाव का?" विचारलं तरी मी अंगठा मुठीत लपवतो.

"सही कुठं करायची?" मी विचारलं.

"कसली सही?"

"तेच विचारतो हाय!"

"सही-बिही काय नाय ओ. आयेचा धवला ऐकाचा हाय मना, नीट."

सुंदरा धवलारीण होती. आमच्या आगरी लग्नात भटजीच्या आधी धवलारीण लागते. ती धवला, म्हणजे लग्नाचं गाणं, पुढं गाते, बाया मागून ओळ उचलतात, मग कुठं देव मांडवात येतात. नातीनं एका हळदीला, ओळ उचलणाऱ्या बाया यायच्या आधीच, तिचा एक धवला मोबाइलवर घेऊन ठेवला होता. तेवढाच तिचा आवाज आता या जगात शिल्लक. त्यात मागं कोंबडी ओरडते, बांगड्या वाजतात, आणि गाता गाता मध्येच थांबून ती मला म्हणते, "ओ, लुंगी सांभाला, लोका बगतान!" आणि लगेच पुढची ओळ. ताल तसूभर हलत नाही.

तर आम्ही पेणला दुकानात गेलो. एक टायवाला पुढं आला.

"काका, स्पीकर कुठलेही घ्या. खरा खेळ प्रोसेसरचा. हा डबा ठरवतो, कुठला आवाज कुठल्या स्पीकरला द्यायचा."

"म्हणजे मुकादम."

"हां... तसंच समजा."

माझं उभं आयुष्य मिठागरावर गेलं. मुकादम काय चीज असते ते मला कोणी शिकवू नये. मधला माणूस म्हटला की मधल्यामध्ये खाणारच!

"किती खातो?" मी विचारलं.

"वीज ना? फार नाही, काका."

"वीज नाय! आवाज किती खातो?"

टायवाला महेशकडे बघायला लागला. महेश छताच्या पंख्याकडे बघायला लागला.

मग टायवाल्यानं मला मधल्या सोफ्यावर बसवून एक हेलिकॉप्टर लावलं. ते समोरून आलं, डोक्यावरून घरघरत मागं गेलं. मी सोफ्यावरून खाली जमिनीवर बसलो. (भ्यालो नाही. चप्पल शोधत होतो.)

"कसं वाटलं, काका?"

"हेलिकॉप्टर राहू दे. आमची बाय लाव."

महेशनं मोबाइल जोडला. टायवाल्यानं सगळ्यात चकचकीत डबा निवडला. "हा आवाज धुऊन स्वच्छ करतो बघा." आणि सुंदरा गायला लागली. काय सांगू! जशी काही गंगेत न्हाऊन आली. महेशनं नाक ओढलं. दुकानातली इतर गिऱ्हाइकं थांबून ऐकायला लागली. मीही ऐकत होतो, पण दुसऱ्याच कानानं.

"थांबवा!" मी ओरडलो. "कोंबडी कुठं हाय?"

"कुठली कोंबडी?"

"आता ओरडाला पायजे होती. खाल्लीन तुझे डब्यानं!"

"काका, तो मागचा गोंगाट होता. काढून टाकला त्यानं."

"न् बांगड्या? बांगड्या पन खाल्ल्यान! न् मना लुंगीवरून बोलली त्या कुठं गेला?"

टायवाल्यानं चष्मा पुसला. "ते... गाणं नव्हतं ना, म्हणून बारीक केलं असेल."

"जन्मभर मना बोलाची एक संधी सोडली नाय तिनं, न् यो डबा तिचा तोंड बंद करतंय?"

"काका, ते धुणं बंद करता येतं. बटन आहे."

"खानाऱ्यानं खायचा बंद केला, असा कवा बघितलाव?"

मग सगळे डबे लावून बघितले. एकानं कोंबडी ठेवली पण बांगड्या गिळल्या. एकानं सुंदराला पार विहिरीत उतरवली. एकानं कोंबडी डाव्या स्पीकरात नेली आणि सुंदरा उजव्यात, जशी काही दोघींची भांडणं झालीत! शेवटी अगदी खालच्या फळीवर, धूळ खात पडलेला एक डबा मी स्वतः ओढून काढला. लावला. कोंबडी ओरडली. बांगड्या वाजल्या. मला बोलणीही पुरी बसली.

"यो द्या."

"काका, हे फार जुनं मॉडेल आहे."

"मी पन."

घरी महेशनं दिवसभर खपून वायरी ओढल्या. कोपऱ्याकोपऱ्यात स्पीकर, देव्हाऱ्याखाली ढोलासारखा मोठा ठोकळा. सगळं झाल्यावर त्यानं सुपारीएवढा एक माइक माझ्या खुर्चीत, कानाच्या उंचीवर ठेवला.

"आता डबा आवाज सोडेल, माइक ऐकेल न् घर मोजेल. आपून बाहेर थांबू. घरान कोनी बोलाचा नाय."

घर मोजेल! आधी घर मोजणार, मग शेत मोजणार. आणि वर ऐकणार पण! "चावी राहिली," असं सांगून मी आत गेलो, माइक उचलला आणि तांदळाच्या पिंपात खोल खुपसला. वर झाकण. झाकणावर पाटा. काय ऐकायचं ते ऐक म्हणावं!

डब्यानं बराच वेळ फूं-फूं, टुक-टुक केलं. मग थांबला. मी आत जाऊन माइक गुपचूप खुर्चीत ठेवला आणि त्याच्या शेजारी भोळा चेहरा करून बसलो.

पण मुकादमाचा हिशेब झाला होता. त्याच्या लेखी घरधन्याचे कान तांदळाच्या तळाशी होते! असल्या माणसाला ऐकू जावं म्हणून त्यानं सगळे मजूर जिवाच्या कराराने कामाला लावले.

महेशनं कळ दाबली.

मांडणीवरची भांडी खाली आली. देव्हाऱ्यातला गणपती सरकत कडेला आला. बाहेरच्या माडावरून कावळे उठले ते परत आलेच नाहीत. सुंदरानं देवांना अशी हाक मारली, की पालीच्या बल्लाळेश्वरानं दचकून मान वर केली असेल!

"बाबा, रिमोट!" महेश ओरडला. "रिमोट कुठं हाय?"

रिमोट सवयीनं माझ्या मांडीखाली होता. मी तो काढायला हललो, भलतंच बटन दाबलं गेलं, आणि आवाज आणखी वाढला.

आता विचार करा. रंडक्या म्हाताऱ्याचं घर. बायकोचं वर्ष फिरलेलं नाही. आणि त्या घरातून भर दुपारी लग्नाचा धवला! आळीला काय वाटणार?

शेजारची वेणूवहिनी हातात कालथा घेऊनच आली. सुंदराच्या मागं ओळ उचलणारी पहिली बाई तीच. तिच्या मागं निम्मी आळी.

"लाज वाटते का ओ, भाऊजी? सुंदराला जाऊन वरीस झाला नाय, न् तुमी लगीन काढलाव?"

"अगो, ऐक तरी..."

"कंची हाय ती? बोलवा भायेर! न् ही धवला गाते ती कोन भवानी? हिला तरी..."

वेणूवहिनीचा कालथा वरच राहिला. तेवढ्यात कोंबडी ओरडली. गाणं थांबलं, आणि साऱ्या आळीला ऐकू जाईल असं सुंदरा म्हणाली, "ओ, लुंगी सांभाला, लोका बगतान!"

सगळ्या बायांनी माझ्या लुंगीकडे बघितलं. रिमोट काढायच्या गडबडीत ती सुटलीच होती!

मी दोन्ही हातांनी धरली. हशा झाला. सुंदरानं पुढची ओळ घेतली आणि थांबली. तिथं बायांनी उचलायचं असतं. मग दारातूनच, कालथा धरलेल्या हातानं डोळ्यावरचे केस मागं सारत, वेणूवहिनीनं ओळ उचलली. मग दुसरीनं. मग सगळ्यांनी. पुरा धवला झाला. मी मध्ये लुंगी धरून उभा. दोन्ही हात अडकलेले, त्यामुळं डोळे पुसायची सोय नव्हती.

बाया गेल्यावर महेशनं माइक उचलला आणि निरखून बघितला.

"बाबा, याला तांदूल कसा लागला?"

"उंदीर असेल."

"बाबा..."

"मना वाटला, शेतासाठी करतंस सगला."

तो खाली बसला. "अहो, मी रोज फोन करतंय तवा तुमचे मागून घरान काय पन आवाज येत नाय. भांड्याचा नाय, टीव्हीचा नाय. मना भ्या वाटते, बाबा."

मी अंगठ्यावरची मूठ सोडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माइक खुर्चीत नीट ठेवला आणि डब्याला काय मोजायचं ते मोजू दिलं. बाहेर ओट्यावर गप्प बसून राहिलो. मग सुकटीचा डबा उघडला, चहा घेतला, लुंगी घट्ट बांधली, वरून महेशचा जुना पट्टा आवळला, आणि मगच कळ दाबली. आवाज तिला हवा असायचा तेवढा. कोंबडी ओरडली, बांगड्या वाजल्या.

"ओ, लुंगी सांभाला, लोका बगतान!"

"बांधली गो, बांधली!" मी ऐटीत म्हणालो आणि खाली बघितलं.

घट्ट होती. उलटी होती.