रूथने विचारलेला प्रश्न

परवा फैजपूरला मावसबहिणीकडे गेले होते. तिने कच्ची केळी सालीसकट उकडायला ठेवली होती. झाकण काढताच तुरट वाफ तोंडावर आली आणि मला युगांडातली एक दुपार आठवली.

वीसेक वर्षं झाली असतील. जळगावच्या आमच्या चर्चमधले आम्ही सहाजण तिथल्या एका खेड्यात मुलांना गाणी आणि बायबलमधल्या गोष्टी शिकवायला गेलो होतो. शेवटच्या दिवशी शाळेमागे मोठ्या पातेल्यात, केळीच्याच पानांत गुंडाळलेली केळी वाफवत होती. मी फोटो काढत सुटले होते. रूथ नावाची दहा वर्षांची मुलगी शेजारी बसून उरलेली केळी सोलत होती. तिला जरा इंग्रजी येत होतं.

"परत कधी येणार?" तिने विचारलं.

"पुढच्या वर्षी," मी म्हणाले.

"सगळे असंच सांगतात." ती सोलतच राहिली. "मग माझा फोटो नका काढू."

मी कॅमेरा खाली घेतला. मला तिचा रागच आला. एवढ्या लांबून आलो, त्याचं हिला काहीच नाही? परतल्यावर चर्चमध्ये अनुभव सांगताना तिचं नाव मी गाळलं.

पुढच्या वर्षी आमची मंडळी पुन्हा त्याच गावी गेली. मलाही विचारलं होतं. शाळेतल्या परीक्षांचं काम आहे, असं सांगून मी टाळलं. काम होतं, पण रजा मिळाली असती. तिचं म्हणणं खोटं ठरवायला नुसतं जायचं होतं, आणि मी तेवढंही केलं नाही.