टाकून द्या

प्रभाकररावांची आणि माझी ओळख धारला, आमच्या शब्दकोशाच्या पहिल्या बैठकीत झाली. धार-देवासच्या मराठी घरांतले जुने शब्द संगणकावर नोंदवायचे होते. कोणी, कधी, काय बदललं हे सारं जपणारी प्रणाली त्यांनी बसवली होती. पॉलिटेक्निकमधून निवृत्त झालेले प्रभाकरराव काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करत. मला देवासला घरी बसून रंगीत बटनांची खिडकीच बरी वाटे.

"ताई, तुमची खिडकी म्हणजे हॉटेलचं मेनू कार्ड," ते चिडवत. "बोट ठेवलं की झालं. इथे काय हवं ते तोंडानं मागावं लागतं."

"आणि मागताना जीभ अडखळली तर?" मी म्हणे.

गेल्या वर्षी धरमपुरीच्या एका काकींनी सांगितलेले नात्यांचे शब्द मी थेट संगणकात उतरवले. रोज जतन केले, पण धारला पाठवायचे राहिले. पंधरा दिवसांत काकी गेल्या. आता तरी ते शब्द पाठवावेत म्हणून मी प्रभाकररावांना फोन केला. ते म्हणाले, "सगळं टाकून द्या, ताई."

त्यांच्या मनात हिंदीतलं 'डाल दीजिए', म्हणजे कोशात घाला, असं होतं. मी मराठी ऐकलं. विचित्र वाटलं, पण त्यांच्या शब्दाबाहेर मी कधी गेले नव्हते. तांबडं बटन दाबलं. खिडकीनं 'नक्की?' विचारलं, मी हो म्हटलं. यादी कोरी! काकींना आता कुठे जाऊन विचारणार?

मी पुन्हा फोन करून झालेलं सांगितलं. दुसऱ्याच सकाळी प्रभाकरराव इंदूरला बस बदलून देवासला हजर झाले. माझ्याच संगणकावर काळा पडदा उघडून त्यांनी दोन ओळी टाइप केल्या आणि काकींचे शब्द परत आले.

"टाकलेलंही या प्रणालीला काही दिवस आठवतं," ते म्हणाले. "आता चहा टाका. टाकून नका देऊ."

खरा धक्का महिन्यानंतर बसला. जुन्या नोंदी चाळताना त्या दिवसाची नोंद दिसली: 'प्रभाकरच्या हातून शब्द पुसले गेले, परत आणले.' ज्याच्या हातून झालं त्याचंच नाव लागलं पाहिजे, म्हणून आम्हां सगळ्यांशी हुज्जत घालणाऱ्या प्रभाकररावांनी खोटी नोंद करावी? विचारलं तर म्हणाले, "शब्द माझाच चुकला होता ना?"

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आम्हाला रबर वापरू देत नसत. चुकीवर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. आज प्रभाकररावांच्या पंचाहत्तरीला त्या नोंदीवर मी तशी रेघ मारते: बटन मी दाबलं होतं.

त्यांची नजर आणि बोटं अशीच पुष्कळ वर्षं शाबूत राहोत. कोशात 'टाकणे'ची जागा मी रिकामी ठेवली आहे. तिचे अर्थ त्यांनीच लिहायचे आहेत.