कान्नो आजींचा फोटो मी का काढून टाकला

गेल्या रविवारी त्सुकुबातल्या आमच्या चर्चमध्ये कान्नो आजी आल्या आणि मी हरखून त्यांचा फोटो इथे टाकला. तुम्ही भरभरून लाइक्स दिलेत, 'प्रभूची स्तुती असो' लिहिलंत... तो फोटो काल काढून टाकलाय. का, ते सांगणं भाग आहे.

आजी मूळच्या फुकुशिमाच्या. भूकंपानंतर अणुभट्टीच्या भीतीनं गाव सोडावं लागलं, तेव्हापासून इथल्या जुन्या सरकारी क्वार्टर्समध्ये एकट्या राहतात. तशी बरीच वयस्कर मंडळी त्या इमारतींत आहेत. आमचं चर्च महिन्यातून एका शनिवारी तिथे गरम जेवण नेतं. करी माझ्याकडे असते... पातेलंभर, अस्सल नगरी.

आमचे पाळक मोरी-सेन्सेई यांचा एकच नियम. जेवण द्यायचं, बसायचं, ऐकायचं. धर्माचा कागद वाटायचा नाही.

मला हे कधीच पटलं नव्हतं. माझे वडील नगरला संडे स्कूल चालवायचे, गप्प बसणं आमच्या घराण्यात नाही. आणि इथे जपानात? चर्च म्हणजे हॉटेलच्या आवारातला लग्नाचा हॉल, नाताळ म्हणजे क्रीमचा केक आणि तळलेलं चिकन. आमच्या उपासनेला निम्म्या खुर्च्या रिकाम्या. अशा देशात नुसतं ऐकत बसलं तर येशूचं नाव कुणाला कळणार, असं मी नवऱ्याला तावातावानं सांगायचे. तो बिचारा लॅबमधून दमून आलेला असायचा. 'हो, हो' म्हणायचा.

तर मागच्या खेपेला मी शहाणपणा केला. काही डब्यांच्या पिशव्यांत हळूच पत्रकं सरकवली. रविवारची वेळ, नकाशा, आणि खाली 'आम्ही तुमची वाट पाहतोय' असं गोड जपानीत. सेन्सेईंना पत्ताही लागू दिला नाही.

आणि खरंच कान्नो आजी आल्या हो! ठेवणीतला कोट घालून, काठी टेकत. मी त्यांना पुढच्या रांगेत बसवलं, गीतांचं पुस्तक हातात दिलं, नवीन पाहुण्या म्हणून उभं केलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मोबाईल काढला, आणि फोटो काढता काढता सेन्सेईंकडेही एक नजर टाकून घेतली... बघा म्हणून.

उपासना संपल्यावर आजींनी मला दाराशी गाठलं. माझा डबा लख्ख घासून, सुंदर रुमालात बांधून आणला होता. आत मिठाई होती. कमरेत वाकून त्या हळूच म्हणाल्या, "करीच्या बदल्यात इथे महिन्यातून एकदा आलं तर चालेल का? दर रविवारी नाही जमायचं. बस दोनदा बदलावी लागते, आणि हे गुडघे..."

मला आधी काही कळेचना. मग त्यांनी शेजारणीच्या वतीनंही माफी मागितली. तिला अजिबातच चालवत नाही, म्हणून तिनं यापुढे डबा घ्यायचा नाही असं ठरवलंय. राग मानू नका, म्हणाल्या.

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

इथे कुणाचं काही घेतलं की परत काहीतरी द्यावंच लागतं, त्याला ओकाएशी म्हणतात. मला ते माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. माझ्या आईनं शेजारचा डबा जन्मात कधी रिकामा पाठवला नाही. काही नसेल तर चमचाभर साखर तरी घालायची. तिच्याच लेकीनं एका एकट्या बाईच्या डब्यात असा कागद घातला, की त्याची परतफेड तिला दुखऱ्या गुडघ्यांनी करावी लागली. आणि त्या परतफेडीला मी श्रद्धेची साक्ष समजून फोटो काढला...

सेन्सेई मागेच उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते आजींसमोर इतके वाकले की मला बघवेना, चर्चच्या वतीनं माफी मागितली आणि त्यांना गाडीनं घरी सोडून आले. मला वाटलं आता रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं. "त्यांना नाही म्हणता येत नाही," एवढंच म्हणाले, "म्हणून कागद नको म्हणत होतो." मग आम्ही खुर्च्या आवरल्या.

काल मी आजींच्या घरी गेले. मुद्दाम हात हलवत... काही नेलं असतं तर त्याचंही ओझं झालं असतं. आधी शेजारणीचं दार वाजवलं. तिनं ते थोडंसं उघडलं, माझं बोलणं ऐकून घेतलं, नम्रपणे मान झुकवली आणि लावून घेतलं. तिथे पुढे काय होईल, ठाऊक नाही.

कान्नो आजींनी मात्र आत घेतलं, चहा दिला. मी म्हटलं, जेवणाला अट नाही. चर्चला कधीच आला नाहीत तरी डबा येईल, आणि डबा नको असेल तरी मी येईन, तुम्हाला चालत असेल तर. फोटोबद्दलही सांगितलं, त्यांच्यासमोरच काढून टाकला. त्यांनी माझ्या कपात आणखी चहा ओतला.

मग म्हणाल्या, "अट नाही ना? मग पुढच्या वेळी जरा कमी तिखट करा. मला ती करी सोसत नाही हो."

मी हसले, त्याही हसल्या. घरी येताना सायकलवर मात्र रडू आवरेना. इतके महिने दर खेपेला मी 'कशी झालीय?' विचारायचे आणि त्या 'छान' म्हणायच्या...

प्रभू, मला क्षमा कर. तुझ्या नावाखाली मी त्यांना काय काय निमूट गिळायला लावलं.