पिंडावरची पाणकोंबडी

शीळ घालून बोलावलं त्यानं मला. कुत्र्याला घालतात तशी.

कोठीच्या, म्हणजे साहेबाच्या ऊसमळ्याच्या तळ्यावर रविवारी गोरे यायचे. बायका छत्र्या घेऊन, बाप्ये बंदुका घेऊन. नावेत बसायचे, पाखरं मारायचे. हे तळं माझ्या बापानं खणलेलं. आबानं आणि त्याच्यासोबत मिरिच बेटावर उतरलेल्या आमच्या कोकणातल्या माणसांनी, साखरेच्या कारखान्याला पाणी हवं म्हणून. खणताना एक गोरा फिरकला नव्हता.

त्या दिवशी आबाचा दहावा. मी काठावर पिंड ठेवलेला. या बेटावर कावळा नाही. जहाजं भरभरून माणसं आणली मेल्यांनी, कावळा तेवढा आणायचा राहिला. म्हणून आमच्या वस्तीनं ठरवलेलं, पाणकोंबडी शिवली तरी चालेल. पण तीही येईना. मेलेल्याच्या मनात काही अडकलं की पाखरू पिंडाला शिवत नाही. म्हातारे म्हणाले, बापाला शब्द दे. मी म्हणालो, आईला सांभाळीन. नाही आली. धाकटीचं लग्न करीन. तेव्हा लव्हाळ्यातून एक निघाली. दबकत दबकत पिंडाशी आली. आईनं हात जोडले.

आणि बार झाला.

पाणकोंबडी फडफडत पाण्यात पडली. नावेत टाळ्या. मग नावेतून साहेबाची ती शीळ. काठावर आमचा सरदार, मजुरांवरचा मुकादम, उभा होता, रत्नागिरीकडचाच, साहेबाचे जोडे पुसून मोठा झालेला. म्हणाला, "साहेब म्हणतात, पक्षी आणून दे."

अंगात भिनलेली सवय. मी गुडघाभर पाण्यात उतरलोसुद्धा. मागं आई रडत होती, पुढं हे हसत होते. काय मर्दुमकी! मूठभर पाखरू मारायचं, तेही मेलेल्याच्या ताटावरचं. आणि ते उचलायला यांना दुसऱ्याचे हात लागतात. मला त्यांची भीती वाटेनाशी झाली. किळस आली.

"नाही आणत," मी म्हणालो. "माझा बाप जेवायला बसला होता."

"हुकूम मोडलास तर तुरुंगात जाशील," सरदार म्हणाला.

"जाईन."

शिपाई येईपर्यंत मी पिंडासमोर बसून राहिलो. पुन्हा शब्द दिला, नावेपर्यंत ऐकू जाईल असा.

"आबा, मजुरीचा करार संपला की या कोठीवर एक दिवस राहणार नाही. तोवर ऊस तोडीन, पण यांच्या खेळाला हात लावणार नाही. मारलं तरी नाही."

दुसरी पाणकोंबडी आली नाही. नको येऊ दे. शब्द दिला तो दिला.