हसण्याची तक्रार

मनाच्या आजारांसाठी घरोघर फिरण्याच्या आमच्या कामात नव्याने येणाऱ्या पोरींना शिकवताना मी आजार करून दाखवते. नैराश्याला अर्धं मिनिट पुरतं. खांदे टाकायचे, ओढणीचं टोक चिवडत बसायचं, वर्ग चिडीचूप. मग मी उन्माद करते. भराभर बोलते, खुर्चीवर चढते, सगळ्यांना दुबईला न्यायचं कबूल करते. पोरी टाळ्या पिटतात. तेव्हा मी म्हणते, "बघा, या पेशंटला डॉक्टरकडे न्यावं असं कुणाच्या मनातच येत नाही."

हे मला लालबागच्या एका भजनी बुवांनी शिकवलं. बुवा डबलबारीचे, म्हणजे दोन बुवांनी समोरासमोर बसून आळीपाळीने गायच्या सामन्यांचे. कित्येक महिने ते भिंतीकडे तोंड करून पडून होते. चाळीखालच्या डॉक्टरांनी नैराश्याच्या गोळ्या दिल्या आणि माझ्या भेटी सुरू झाल्या. एकदा जिन्यातच गजर ऐकू आला. बुवा उठले होते! मी तिथल्या तिथे एक गिरकी घेतली, खोटं कशाला सांगू.

मग परळला त्यांचा सामना झाला. बुवांची बारी संपली, पण बुवा थांबेचनात. समोरच्या बुवांच्या बारीतही आमचे बुवाच गात राहिले, जागच्या जागी शब्द जुळवत, कुणाला नीट कळणार नाही इतक्या वेगाने. पखवाजवाला घामाघूम.

"बुवा, त्यांची बारी…"

"गप रे, तू वाजव!"

लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. "देव बोलता त्येच्या तोंडातून," शेजारचे आजोबा म्हणाले. माझ्या टाळ्या मात्र थांबल्या.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या बायकोला गाठलं. "वहिनी, बुवा झोपतात किती?"

"झोप कसली! चाली लावत बसतात. मलापण उठवतात, ऐक म्हणतात." हे सांगताना त्या चक्क लाजल्या.

"याआधी कधी असं झालं होतं?"

"लग्नाच्या वर्षी. तेव्हा घरातली भांडी चाळभर वाटून आले होते. सगळे म्हणाले, दिलदार माणूस!"

बुवांच्या वाईट दिवसांची चौकशी सगळ्यांनी केली होती. अति चांगल्या दिवसांची कुणीच नाही. निदान करणं माझं काम नव्हे, पण या आजाराला दुसरी बाजू असू शकते आणि नुसत्या नैराश्याच्या गोळीने ती उसळू शकते, एवढं मला ठाऊक होतं. ते मी वहिनींना सांगितलं. हे असंच चढत गेलं तर पुढची पडझड आधीपेक्षा वाईट असू शकते, हेही सांगितलं.

"इतक्या दिवसांनी माणूस हसतोय हो बाई. तेपण बघवत नाय तुमाला?"

मी चहा प्यायले. अशा वेळी माझी सगळी नाटकं संपतात.

बुवांना मी एवढंच म्हटलं, "आवाज चिरकतोय. झोपेवाचून किती टिकेल?" आवाजासाठी ते आले. पालिकेच्या रुग्णालयात मनोविकार विभागाबाहेर त्यांनी अख्ख्या रांगेला गजर म्हणायला लावला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कसं वाटतंय?"

"एकदम फर्स्ट क्लास!"

डॉक्टरीणबाईही हसल्या. मग वहिनींकडे वळल्या. वहिनींनी बुवांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे बघत राहिले. हे वहिनींनीच सांगायला हवं होतं.

"झोपत नाहीत हे," वहिनी म्हणाल्या. "मला भीती वाटते."

"तूपण?" बुवा म्हणाले.

आधीची गोळी बंद झाली, नवी सुरू झाली, रक्ताच्या तपासण्या मागे लागल्या. सुरुवातीला बुवा पेंगायचे, हात कापायचा. मग डोस बदलला. आता ते झोपतात, जेवतात आणि फक्त आपल्या बारीत गातात.

परवा वहिनींचा फोन आला. "बाई, आज सकाळी हे मोठ्याने हसले. माझ्या तोंडून निघून गेलं, रात्री झोप लागली ना? तर चहा तसाच टाकून उठले. म्हणाले, आता हसायचं तरी तुला विचारून?"

"झोपले होते का?"

"होते ना. मी स्वतः बघितलं होतं. तरी विचारलं."

मी म्हटलं, "उद्या येते. दोघंही घरी असा."