वालाला दिलेलं पाणी

नारळाच्या सोडणांचा धूर डोळ्यांना फारसा झोंबत नाही, तो नुसता रेंगाळतो. केसांत, चादरीत, घरी परतून चार वेळा धुतलेल्या स्वेटरच्या बाह्यांतसुद्धा. पौषातल्या त्या सकाळी मी चुलीपुढे फुंकणी घेऊन बसलो होतो, मागच्या दारातून फिकट, कोवळं ऊन आत येत होतं, सुरूच्या झाडांपलीकडे समुद्राची गाज अखंड चालू होती, आणि अचानक भिजलेल्या मातीचा वास आला. पाऊस जाऊन तीन महिने झाले होते. आता तो वास नकोसा वाटतो. तेव्हा मात्र मला आनंद झाला होता.

पुनावळ्यात आम्ही अकराव्या मजल्यावर राहतो. ज्या रानात बापूंनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, चाळीस वर्षं पवनेच्या पाण्यावर ऊस आणि भाजीपाला पिकवला, त्याच रानावर ती इमारत उभी आहे. जमीन बिल्डरला द्यायचा हट्ट माझा होता. बापूंनी माझ्या शब्दाखातर सह्या केल्या, आणि मग हळूहळू बोलणंच कमी केलं. भांडले असते तर बरं झालं असतं. ते गॅलरीतल्या खुर्चीत बसून महामार्गाकडे पाहत राहत, ताटात अर्धी भाकरी सोडून उठत, आणि काय होतंय असं विचारलं तर "काय न्हाई" म्हणत. डॉक्टरांना काही सापडलं नाही. चाकणच्या कंपनीत मी तपासणी विभागात आहे, सुट्या भागातला केसाएवढा दोषही माझ्या नजरेतून सुटत नाही, आणि या गोष्टीची मला थोडी घमेंडही आहे. त्याच घमेंडीत मी बापूंचं निदान करून टाकलं: माणूस मातीला मुकलाय, त्याला माती दाखवली की झालं.

म्हणून अलिबागच्या पुढची ही वाडी शोधली. सुमनताई आणि त्यांचा मुलगा नारळी-पोफळी आणि भातशेती सांभाळतात, आणि घरामागच्या दोन खोल्या पाहुण्यांना देतात. चूल, भांडी, सरपण त्यांचं. शिधा आपला आणि रांधायचंही आपणच. बायकोला रजा नव्हती, त्यामुळे आम्ही दोघंच बापलेक गेलो. पहिल्याच रात्री मी पिठलं असं करपवलं की सुमनताईंचा कुत्राही त्याच्याकडे पाठ फिरवून बसला. बापू हसले. किती महिन्यांनी हसले, मला आठवेना. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः पीठ मळलं, तव्यावर भाकरी टाकली, आणि दोन खाल्ल्या. मी मोजल्या, कारण मला मोजायची खोडच आहे. दुपारभर ते बांधावरून हिंडत होते, पोफळीच्या खोडावर हात ठेवून उभे राहत होते, भात काढलेल्या खाचरात पेरलेल्या वालाची पानं उलटून पाहत होते. संध्याकाळी म्हणाले, "वाल तान्हेलाय रं. जमिनीला भेगा पडल्यात, अन् हितं कुनाचं ध्यान न्हाई." मी मान डोलावली. मला त्यातलं काहीच कळत नव्हतं, पण त्यांच्या आवाजात पुन्हा धार आली होती आणि मला तेवढंच हवं होतं.

त्या सकाळी सुमनताई आणि त्यांचा मुलगा पोफळीला पाणी सोडून मासळीबाजारात गेले होते. मातीच्या वासामागे मी मागच्या दारात आलो, तर बापू धोतराचा काचा मारून, फावडं घेऊन वालाच्या खाचरात उभे. पोफळीकडे जाणाऱ्या पाटाचं दारं त्यांनी मोडलं होतं आणि पाणी सारं वालाकडे वळवलं होतं. पाणी पुढे सरकत होतं, भेगांत बुडबुडे काढत शिरत होतं, आणि बापू त्याच्या पुढे पुढे जात, इथे मातीचं एक ढेकूळ सारत, तिथे पायाने बांध दाबत, एका लयीत चालले होते. आमच्याकडे याला दारं धरणं म्हणतात. लहानपणी मी हेच दृश्य बांधावर बसून पाहिलं होतं. पाणी, ऊन आणि पाठमोरा बाप. माझे डोळे भरून आले. मी चहा तसाच उतू जाऊ दिला आणि हसत हसत मोबाइलवर त्यांचं चित्रण करत राहिलो. हे पाणी इथे द्यायचं असतं का, एवढा एक प्रश्न शेतकऱ्याच्या मुलाला सुचला नाही.

नऊच्या सुमारास सुमनताई परतल्या. हातातली टोपली खाली ठेवली आणि खाचराकडे बघत राहिल्या. घोटाभर पाणी साचून चमकत होतं.

"बाबा, पानी सोडलात?"

"व्हय. पाक सुकून चाललं व्हतं. म्हनलं, तुमी यिस्तवर एक पाळी दिऊन टाकावी." बापूंच्या चेहऱ्यावर काम झाल्याचं समाधान होतं.

सुमनताई समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "वालाला पानी नाय लागत हो आमच्याकडं. भाताच्या मागची ओल नि रातचं दव, त्याच्यावरच पिकतो तो. या जमिनीत पानी मुरत नाय. मुळं कुजतात."

बापूंनी एकदा पाण्याकडे पाहिलं, एकदा हातातल्या फावड्याकडे. मग घाईघाईने बांध फोडून पाणी काढून द्यायला ते खाली वाकले, तेव्हा सुमनताईंनी फावडं अलगद त्यांच्या हातातून घेतलं.

"र्‍हावंद्या, बाबा. तुम्ही बसा. तुम्ही पाव्हने."

त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बापूंनी ते सोसलं असतं, माफी मागितली असती, दिवसभर त्यांच्याबरोबर राबले असते. पण उभ्या आयुष्यात शेताच्या बांधावर त्यांना कोणी पाहुणा म्हटलं नव्हतं. सुमनताई आणि त्यांचा मुलगा दुपारपर्यंत चर काढत राहिले. बापू ओटीवर पाय धुऊन बसले, आणि त्या दिवशी मी केलेली खिचडी त्यांनी नुसती चिवडली. मी भरपाईचं बोललो तर सुमनताईंनी हातानेच नको म्हटलं. दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. घाट चढून वर येईपर्यंत बापू खिडकीबाहेर पाहत होते, आणि बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं.

पंधरा दिवसांनी मी सुमनताईंना फोन केला. खाचराचा खालचा भाग पिवळा पडून गेला होता, वरचा वाचला होता. बापू शेजारीच बसले होते. मी फोन ठेवून म्हणालो, "सगळा वाल सावरलाय, बापू." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी कंपनीत बाद झालेल्या भागाकडे पाहतो. नीट, बारकाईने, आणि मग बाजूला ठेवून.

ते चित्रण अजून मोबाइलमध्ये आहे. मी ते त्यांना दाखवत नाही, पुसतही नाही. कधी कंपनीच्या बसमध्ये एकट्यानेच पाहतो. त्या चार मिनिटांत माझा बाप पुन्हा शेतकरी आहे, आणि त्याच चार मिनिटांत तो एक शेत बुडवतो आहे, आणि मागे माझा हसण्याचा आवाज येतो आहे.

काल संध्याकाळी कामावरून आलो तेव्हा कारखान्यांच्या धुरकट आभाळात सूर्य मावळतीला टेकला होता. बापू गॅलरीत तुळशीच्या कुंडीपुढे पाण्याचा तांब्या घेऊन उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे. माझी चाहूल लागताच त्यांनी मागे वळून, अगदी हळू आवाजात विचारलं,

"हिला पानी घालू का रं?"