सयाजीचा उजवा खांदा

माझा मुलगा सयाजी चिकपेटमधल्या साड्यांच्या ठोक दुकानात गादीवर बसतो. साडी गिऱ्हाइकापुढे नुसती ठेवून भागत नाही. मनगटाला झटका देऊन ती अशी उलगडायची, की पदर नेमका समोरच्या बाईच्या गुडघ्यापाशी येऊन थांबावा. त्याच्यासारखी साडी कुणी टाकत नाही, असं त्याचे मालक शिवाप्पा म्हणतात. लग्नसराईत हात दिवसभर थांबत नाही. पस्तिशीतच त्याचा खांदा धरला.

डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी दिली आणि हाताला विश्रांती सांगितली. गोळ्या त्याने घेतल्या, विश्रांती नाही. मग पोट जळायला लागलं. मी लोणचं बंद केलं, मिरची कमी केली. एका सकाळी त्याला कॉफीच्या गाळासारखी काळी उलटी झाली, आणि आम्ही दवाखाना गाठला.

"आणखी कुठलं औषध घेता?" डॉक्टरांनी विचारलं.

"काहीच नाही," सयाजी म्हणाला.

तेवढ्यात शिवाप्पा भेटायला आले. "काहीच नाही कसं? दुपारच्या कॉफीबरोबर मी गोळी देतो की, अक्का! गादीवरच्या सगळ्यांनाच देतो. स्वल्प आराम पडतो."

"ती होय?" सयाजी म्हणाला. "ती तर दुकानातली!"

शिवाप्पांनी खिशातून गोळ्या काढल्या. मेडिकलवाल्याने पाकिटाचा तुकडा कात्रीने कापून दिलेला, त्यावर नावसुद्धा नव्हतं. डॉक्टरांनी त्या मेडिकलला फोन लावला. कंपनी वेगळी, पण आत सयाजीच्या सकाळ-संध्याकाळच्या गोळीतलीच दोन वेदनाशामकं, म्हणजे दिवसाला तिसरी गोळी. त्यानेच पोटात आतून रक्त गेलं होतं. "पुन्हा असं झालं तर जिवावर बेतेल," ते म्हणाले.

शिवाप्पांचा चेहरा उतरला. "मी पोरासारखा समजून दिली हो."

ते मला ठाऊक होतं. म्हणून रागावताही येईना. घरी मी त्याला रोज विचारायची, "बरं आहे ना?" तो "बरं आहे" म्हणायचा आणि मी निर्धास्त व्हायची. खांदा थांब म्हणत होता. ते ऐकूच येऊ नये, याची सोय आम्ही सगळ्यांनी मिळून केली होती.

या आठवड्यात तो पुन्हा गादीवर बसला, गोळीशिवाय. पुन्हा चोरून घेईल, या धास्तीने माझं घरात लक्ष लागत नव्हतं. आज तो उजेड असतानाच घरी आला.

"आई, फार दुखतंय. साडी अर्धी टाकली आणि उठलो."

"शिवाप्पा काय म्हणाले?"

"म्हणाले, उरलेली मी टाकतो. आणि त्यांनी ती गिऱ्हाइकाच्या डोक्यावरच टाकली."

तो हसला, मग खांदा धरून कळवळला. मी शेकायला पाणी ठेवलं. मुलगा दुखतंय म्हणाला आणि मला हायसं वाटलं.